आधी कापड, मग झेंडी

लग्न होऊन मी गोंदियाजवळच्या त्या धावपट्टीवर राहायला आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. लढाईच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ती पट्टी. पलटण गेली आणि मागे डांबराचं लांबलचक मैदान, पत्र्याची एक शेड आणि चौकीदाराचं दोन खोल्यांचं घर राहिलं. माझे यजमान तिथले चौकीदार. पट्टीच्या एका अंगाला तलाव, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं. धान कापून झालं की गावच्या बाया पट्टीवरच ते वाळत घालायच्या. विमान यायच्या दिवशी त्यांना हाकलता हाकलता यजमानांचा घसा बसायचा.

विमान महिन्यातून दोनदा यायचं, नागपूरहून, सरावासाठी. दोन माणसं मावतील एवढंसं. त्यात बिनतारी यंत्र नव्हतं आणि आमच्याकडे टेलिफोन नव्हता. उद्या येतो अशी तार गोंदियाच्या पोस्टात यायची, एवढंच. मग वरचा माणूस खालच्याशी बोलणार कसं? तर कापडानं. पट्टीच्या तोंडाशी दोन पांढऱ्या पट्ट्या इंग्रजी टी अक्षरासारख्या अंथरायच्या आणि कडांवर दगड ठेवायचे. कापड दिसलं म्हणजे पट्टी मोकळी, उतरा. काही अडचण आली तर कापड गुंडाळायचं आणि लाल झेंडी हलवायची. ती पाहिली की वैमानिक दोन्ही पंख डोलवायचा. म्हणजे समजलं.

हे सगळं मला त्या वैमानिकानंच शिकवलं. माझ्याच वयाचा असेल, नागपूरचा, मास्तरांचा मुलगा. उतरला की शेडच्या सावलीत बसून माझ्या हातचा चहा प्यायचा आणि मला वहिनी म्हणायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे हे कळल्यावर पुढच्या खेपेला त्यानं मला एक पाटी आणून दिली आणि तिच्यावर विमानाचं चित्र काढून दाखवलं.

"वहिनी, एक गोष्ट विसरू नका," तो म्हणाला होता. "आधी कापड, मग झेंडी. कापड खाली आणि झेंडी हातात, असं झालं तर मी कुणाचं ऐकायचं?"

यजमान हसले. "तिले कायले सांगता साहेब? ती का नोकरीवर आहे?"

"तुम्हाला हिवताप आला तर हीच उभी राहील ना," तो म्हणाला.

झालंही तसंच. थंडीचे दिवस होते. यजमानांनी पहाटे उठून सगळी पट्टी पायी फिरून पाहिली, कापड अंथरलं आणि घरी आले ते दात वाजवतच. मी त्यांच्या अंगावर दोन गोधड्या घातल्या. ते गोधडीतूनच म्हणाले, "तूच जाय आज. पट्टी मोकळी आहे. नुसती उभी राहाजो."

मी लाल झेंडी घेऊन पट्टीच्या मध्यावर, शेडपाशी जाऊन उभी राहिले. नऊच्या सुमारास आवाज आला. मावळतीकडून विमान येताना दिसलं आणि नेमक्या त्याच वेळी तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, म्हशी उतरल्या. दहा-बारा असतील. संथपणे पट्टीवर आल्या आणि मधोमध थांबल्या.

कापड माझ्यापासून बऱ्याच अंतरावर होतं, पट्टीच्या मावळतीच्या तोंडाशी. मला धावत तिकडे जायचं होतं आणि ते ओढून काढायचं होतं. मला ते माहीत होतं. पण मी म्हशींकडे धावले. एका हातानं त्यांना मारत होते, दुसऱ्या हातानं लाल झेंडी हलवत होते आणि ओरडत होते, जणू त्याला वर ऐकू जाणार होतं. तो उगवतीकडे तोंड करून खाली येत होता. सूर्य थेट त्याच्या डोळ्यांत. मी पंखांकडे पाहत होते. ते डोलले नाहीत. तरी मी झेंडीच हलवत राहिले.

चाकं टेकली तेव्हा त्याला म्हशी दिसल्या असणार. त्यानं विमान एकदम वळवलं. ते पट्टी सोडून पाण्याच्या नालीत गेलं आणि उलटलं.

मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. मला त्याला बाहेर ओढता येईना. मी त्याचं डोकं हातावर घेतलं. त्यानं मला ओळखलं.

"वहिनी," तो म्हणाला, "कापड होतं ना?"

"हो साहेब. होतं."

"मला दिसलं," तो म्हणाला. त्यानंतर काही बोलला नाही.

मी मान वर केली तर यजमान तापातच, नुसत्या धोतरानिशी पट्टीच्या तोंडाशी धावताना दिसले. त्यांनी दगड बाजूला केले आणि कापड गोळा केलं. मला वाटलं, जखमेला बांधायला आणताहेत. पण ते आमच्याकडे आलेच नाहीत. कापड घेऊन सरळ शेडमध्ये गेले.

चौकशीला दोन अधिकारी आले. शेडमध्ये टेबल मांडून बसले. यजमान त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते आणि मी दाराच्या आड होते.

"पट्टीवर कोण होतं?"

"मीच होतो साहेब."

"कापड?"

"उचललं होतं. म्हशी दिसल्याबरोबर उचललं. लाल झेंडी बी दाखवली."

मला कुणी बोलावलं नाही. चौकीदाराच्या बायकोला काय विचारायचं? ते गेल्यावर मी म्हणाले, "तुमी असं काऊन सांगितलं?"

"तू तेथी नव्हतीस," ते म्हणाले. "आजपासून ध्यानात ठेव. तू तेथी नव्हतीस."

आणि मी गप्प बसले. मला वाचवायला माझा नवरा खोटं बोलला, यात मला बरंही वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

दीड-दोन महिन्यांनी दुपारी एक टांगा आला. त्यातून काळी टोपी घातलेले, हातात छत्री धरलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले. त्या मुलाचे वडील. त्यांना जागा पाहायची होती. यजमानांनी नाली दाखवली. विमान केव्हाच नेलं होतं. नालीच्या काठावरचं गवतही पुन्हा उभं राहिलं होतं. ते बराच वेळ तिथे उभे राहिले. मग परत येऊन शेडच्या सावलीत बसले. मी पाणी दिलं.

"निकाल आला," ते म्हणाले. "वैमानिकानं खुणेकडे दुर्लक्ष केलं, असं लिहिलंय. त्याची आई मला रोज विचारते, आपला मुलगा एवढा बेफिकीर होता का हो? मी काय सांगू तिला? शाळेत कधी त्याची वही विसरली नाही."

यजमान जमिनीकडे पाहत होते. मी तांब्या खाली ठेवला.

"तू घरात जाय," यजमान म्हणाले.

मी गेले नाही. म्हणाले, "बाबा, तुमच्या मुलानं दुर्लक्ष केलं नाही. कापड खालीच होतं. मी उचललं नाही. पट्टीवर मी होते."

मी सगळं सांगितलं. त्याचं शेवटचं बोलणंही सांगितलं. त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. "मला दिसलं, असं म्हणाला?"

"हो."

"म्हणजे तो बरोबर होता."

"हो बाबा."

ते रडले. तोंडावर छत्री आडवी धरून रडले. मी त्यांच्या पायाशी बसले, म्हटलं, मला माफ करा. ते म्हणाले, "ते मला आज जमणार नाही, बाई. पण हे लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. माझं अक्षर वाईट, जोडाक्षरं चुकलेली. खाली माझं नाव लिहिलं. यजमान खांबाला टेकून उभे होते. अडवलं नाही.

पावसाळ्याआधी यजमानांची नोकरी गेली. आम्ही सामान बैलगाडीत घातलं आणि आमगावला माझ्या भावाच्या आसऱ्याला गेलो. भावानं दोन बांध्या कसायला दिल्या. सगळी पट्टी एकट्यानं सांभाळणारा माणूस मेव्हण्याच्या शेतात धानासाठी चिखल करू लागला.

तिथे एक पत्र आलं. त्या वडिलांचं, चारच ओळी. निकाल दुरुस्त झाला, त्याच्या आईला वाचून दाखवला, ती त्या दिवशी पोटभर जेवली. माझ्याविषयी पत्रात काही नव्हतं. यजमान बांधावर भाकर खात होते. म्हणाले, "वाच." मी वाचलं.

"मी तुझ्यासाठी खोटं बोललो होतो," ते म्हणाले.

"मले माहीत आहे."

"मंग लिहून देण्याआधी मले एकदा काऊन नाही विचारलं? मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुले?"

मी पत्राची घडी घातली. खरं तर तसंच वाटलं होतं. आणि ते नाही म्हणाले असते तर मी थांबले असते, याचीच मला भीती होती. हे तेव्हा सांगायला हवं होतं. मला वाटलं, त्यांचा राग ओसरला की सांगेन. पण तो राग नव्हताच. त्यांनी भाकर बांधून ठेवली आणि पुन्हा चिखलात उतरले.

आम्ही पुढे पुष्कळ वर्षं संसार केला. मुलं झाली. माझं दुखलं-खुपलं त्यांनी पाहिलं, मी त्यांचं पाहिलं. पण पट्टीवर असताना संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला दिवसभराचं सगळं सांगायचे, कुणाची गाय आली, कोणती बाई भांडली, तसं त्यांनी मला पुन्हा कधी काही सांगितलं नाही.