आपांच्या बोटांवरचे टाके
डांबरगोळ्यांचा वास आला की लातूरचा तो दुष्काळी हिवाळा आठवतो. जिल्हा नवा, आमची बदलीही नवी, आणि टँकरची वाट बघत मी शेजारच्या आपांकडून डांबरगोळ्यांत ठेवलेल्या लोकरीचा पहिलावहिला गळपट्टा विणायला शिकत होते. एकदा टँकर दिसला आणि उठायच्या घाईत माझी सुईच निसटली. आपांनी मोकळे टाके झटकन आपल्या बोटांवर घेतले. माणशी एकच घागर मिळायची, तरी म्हणाल्या, "तू जा गं. पानी उद्या बी यील. हे उसवलं तर तू पुन्हा सुई धरायची न्हाईस." मी परतले तेव्हा टँकर निघून गेला होता आणि आपा हात न हलवता तशाच बसल्या होत्या. निम्मं पाणी मी त्यांच्या घागरीत ओतलं. काल नातीची सुई निसटली, तर तिच्याआधी माझी बोटं टाक्यांखाली गेली.