हसनाबादचे जावई बेस वाजवतात

राजानंदची बेस गिटार मी तीन वर्षं ऐकतोय, असं मी लोकांना सांगत असे. ते खरं नव्हतं. मी ती पाहत होतो.

राजानंद माझा मित्र, बत्तीस वर्षांचा. जालन्यात मस्तगडला राहतो. एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते लिहायचं, हे त्याचं काम. शनिवार-रविवार तो 'स्वरगंगा ऑर्केस्ट्रा'त बेस वाजवतो. साखरपुडे, सेवापूर्ती, दुकानांची उद्घाटनं. जालना जिल्ह्यात कुणाला आनंद झाला की ऑर्केस्ट्रा लागतो. ऑर्केस्ट्रा सुरू झाला की माणसं जेवायला उठतात.

गिटार पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला. "दोन तारा तुटल्या का?" साध्या गिटारला सहा तारा, बेसला चारच असतात. पहिलं वर्षभर त्यानं हे समजावून सांगितलं. आता तो म्हणतो, "हो, सोमवारी टाकतो." भोकरदनच्या एसटीत एका कंडक्टरनं पिशवीवर टिचकी मारून विचारलं, "ह्याच्यात काय हाये?"

"गिटार."

"मंग वाजव की."

"हिला लाइट लागते."

"लाइटीवरची गिटार!" कंडक्टर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा हसला. "ठेव मागं, फवारणी पंपाशेजारी. दोघंबी लाइट आल्यावर चालू होतील."

ऑर्केस्ट्राचे मालक राधेश्यामभाऊ. तेच गायक आणि तेच निवेदक. प्रत्येक गाण्याआधी ते शेर म्हणतात आणि प्रत्येक शेराला स्वतःच वाहवा देतात. त्यांनी सगळ्यांना टिकल्यांचे मरून कोट शिवलेत. राजानंदचा कोट आधीच्या बेसवाल्याचा आहे. तो गृहस्थ लठ्ठ होता. राजानंद त्यात हँगरला अडकवल्यासारखा दिसतो.

गेल्या दिवाळीत भोकरदनला एका कापड दुकानाचं उद्घाटन होतं. मी साउंडवाल्या काकासाहेबांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या मशीनवर प्रत्येक वाद्याची एक पट्टी असते. वर सरकवली की आवाज वाढतो. प्रत्येक पट्टीखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. शेवटच्या पट्टीखाली लिहिलं होतं, 'राजा'. ती तळाशी होती. वर सरकू नये म्हणून तिच्यावर आडवी चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टी जुनी होती. कडा काळ्या पडल्या होत्या.

"हे बंद आहे," मी म्हणालो.

"बंदच राह्यतं, सर."

"कधीपासून?"

"तो आला तवापासून." काकासाहेब गुटख्याची पुडी फाडत म्हणाले. "खालचा आवाज की-बोर्डवाला डाव्या हातानं वाजवतो ना. दोघांचा चालू ठेवला तर गिचमिड व्हते."

"मग याला कशाला उभं करता?"

माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली. "पार्टी पहिलं काय विचारते? किती कलाकार आणता? चार म्हणलं तर नाक मुरडते. पाच लागतात. आन गिटारवाला असला की फोटो चांगला येतो."

मी स्टेजकडं पाहिलं. राजानंद डोळे मिटून वाजवत होता. त्याच्या पायाशी एक छोटा स्पीकरचा डबा होता. त्यातून त्याचं त्याला ऐकू येत होतं. समोर तीनशे माणसं होती. त्यांना तो ऐकू येत नव्हता, आणि एकाही माणसाला काही कमी आहे असं वाटत नव्हतं.

परतताना बस स्टँडवर चहा घेतला. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," राजानंद म्हणाला.

मी कप खाली ठेवला.

"बोटांना कळतं. खालचा सूर लागला की पायाखालची फळी थरथरायला पाहिजे. ती कधीच थरथरली नाही."

"आणि तरी तू जातोस?"

"नाहीतर कुठं जाऊ? जालन्यात बेसवाला कुणाला पाहिजे?" त्यानं बशीतला चहा संपवला. "पण जानेवारीत हसनाबादला प्रोग्राम आहे. तिथं वाजलं पाहिजे. एकच गाणं. तेवढं काकासाहेबांना सांगशील?"

हसनाबाद त्याची सासुरवाडी. त्याचे सासरे मार्तंडराव गावातलं मोठं प्रस्थ. लग्नानंतरच्या प्रत्येक दिवाळीत ते राजानंदसमोर मोबाइल धरतात, ऑर्केस्ट्राचा व्हिडिओ लावतात आणि विचारतात, "जावईबापू, ह्याच्यात तुमचं वाजलेलं कोनतं?" राजानंद फराळाच्या ताटाकडं पाहतो. त्या दिवाळीत मोठ्या मेहुण्यानं परस्पर उत्तर दिलं होतं. "दाजी उभं राह्यचं काम करतात." सगळं घर हसलं. त्याची बायको शालूही हसली. रात्री तिनं माफी मागितली. माफीचं त्याला जास्त लागलं.

राधेश्यामभाऊंनी आढेवेढे घेऊन परवानगी दिली. "एकच गाणं. की-बोर्डवाला डावा हात खिशात ठेवील. पण वाजलं न्हाई बराबर, तर कोट काढून घेईन."

जुनं गाणं होतं. त्याची सुरुवात फक्त बेसची. अठरा सूर, मग बाकीची वाद्यं. राजानंद महिनाभर कामावरून आल्यावर तेवढंच घासत होता. एका रविवारी त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. मी टर उडवायच्या तयारीनं बसलो होतो. अठरा सूर झाले. मी हेडफोन काढले नाहीत. त्यानं विचारलं, "काय झालं?" चांगलं होतं. इतकं चांगलं की मला त्याचा राग आला. हा माणूस तीन वर्षं हे घेऊन डब्याशेजारी उभा होता.

हसनाबादचा कार्यक्रम एका मास्तरांच्या सेवापूर्तीचा. दुपारी तीनची वेळ, मोठा मंडप, पुढं पाहुण्यांसाठी सोफे. पहिला तास सत्कारात गेला. सरपंचांचा झाला, माजी सरपंचांचा झाला. ज्यांनी शाली दिल्या त्यांचाही शाल देऊन सत्कार झाला. मधूनमधून राधेश्यामभाऊ गात होते. ते गाणं चौथं आणि शेवटचं होतं. काकासाहेबांनी माझ्यादेखत जुनी चिकटपट्टी उपटली. पट्टी वर सरकवली. राजानंदनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. की-बोर्डवाल्यानं डावा हात खरंच खिशात घातला.

तेवढ्यात मार्तंडराव सोफ्यावरून उठून स्टेजवर चढले. त्यांनी माइक घेतला.

"थांबा जरा. आमचे जावई मागं उभे राहून काम करून राह्यले, आन आपण सोफ्यावर बसून पाहून राह्यलो. हे गावाला शोभत न्हाई."

मंडपात टाळ्या पडल्या. आम्हाला हे आधी सुचायला हवं होतं. हसनाबादेत जावयाला स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या घेऊ देत नाहीत. त्याला भाड्याच्या कलाकारांत उभं राहू देतील? दोन माणसांनी राजानंदच्या गळ्यातून गिटार काढली आणि खुर्चीला टेकवली. तिसऱ्यानं फेटा बांधायला घेतला.

"मामा, एवढं गाणं होऊ द्या," राजानंद म्हणाला. "मग बसतो."

"तुम्ही कायबी करायचं न्हाई. गाणारे हायेत ना गायला!"

शाल, टॉवेल, नारळ. त्याला हाताला धरून खाली आणलं आणि सोफ्यावर बसवलं. एका बाजूला सेवानिवृत्त मास्तर, दुसऱ्या बाजूला मार्तंडराव. राधेश्यामभाऊंनी क्षणभरही वाट पाहिली नाही. त्यांनी खूण केली. डावा हात खिशातून बाहेर आला. अठरा सूर वाजले. पिठाच्या गिरणीसारखे, पण वाजले. गाणं झालं. टाळ्या झाल्या.

मार्तंडरावांनी राजानंदच्या मांडीवर थाप मारली. "वा, जावईबापू! लई भारी वाजवलं!"

राजानंद त्यांच्या शेजारी बसला होता. त्याच्या हातात नारळ होता.

मग त्यानं नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला आणि उठला.

स्टेजवर आभारप्रदर्शन चालू होतं. एक शिक्षक मंडपवाल्यांचे आभार मानून आचाऱ्यांकडं वळले होते. राजानंदनं फेट्यासकट वर जाऊन गिटार गळ्यात अडकवली. काकासाहेबांचा हात वरच राहिलेल्या पट्टीकडं गेला. मी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा सर. माझ्या नावानं बोंबलतील."

मी सोडलं नाही.

त्यानं पहिला सूर लावला. स्टेजची फळी थरथरली, ते मला लांबूनही दिसलं. टेबलावरचे स्टीलचे पेले वाजायला लागले. मंडपाच्या कापडातून धूळ खाली आली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अगं बया, ट्रान्सफार्मर जळालं का काय?" दोघं जण जनरेटरकडं पळाले. मागून कुणीतरी म्हणालं, "कोनाचा ट्रॅक्टर हाये, बंद करा ना." आभार मानणारे शिक्षक माइक झटकून पाहत होते. मार्तंडराव स्टेजवर चढले आणि त्यांनी शिक्षकांच्या हातातून माइक घेतला.

"काकासाहेब, मशीन बिघडली तुमची! बंद करा जल्दी!"

जावई त्यांच्यापासून चार हातांवर होता. त्याची बोटं तारांवर चालली होती. हे गृहस्थ स्पीकरकडं पाहत होते.

बायकांच्या बाजूनं शालू उभी राहिली. "आबा, मशीन न्हाई. हे वाजवून राह्यले."

"कोन?"

"तुमचे जावई."

मार्तंडराव वळले. त्यांनी शेवटचे पाच-सहा सूर नीट ऐकले, मान तिरकी करून. इंजिन ऐकतात तसे. माइक त्यांच्या तोंडाशीच होता.

"हे व्हय," ते म्हणाले, आणि ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. "ह्याच्यापेक्षा सोफ्यावर बसलेलेच चांगले दिसत होते."

माणसं हसली. राधेश्यामभाऊ मला आवाज बंद करायच्या खुणा करत होते. शालू उभीच होती, आणि हसत नव्हती. माझ्या मुठीत काकासाहेबांचं मनगट होतं.

राजानंदनं हसणं थांबायची वाट पाहिली. ते थांबल्यावर त्यानं पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात केली.