हाफटाइमला निघून गेलेला गोलकीपर

सुहासदादा आमच्या फुटबॉल टीमबरोबर मिनीबसने कधी आला नाही. दोन हजार वीसच्या त्या हिवाळ्यात आम्ही सगळे मास्क लावून बसमध्ये बसायचो आणि हा आपल्या जुन्या गाडीतून, चारही काचा खाली करून, एकटाच मागून यायचा. नवीन पोरांना वाटायचं, माणूस शिष्ट आहे. खरं कारण त्याने मला एकदा सिडनीतल्या आमच्या गिरावीनच्या ग्राउंडवर सांगितलं. तो वृद्धाश्रमात केअरर होता, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचा. "मला काय हुईल म्हणून न्हाई, भावा. माझ्यामुळं तिथल्या आजी-आजोबांना हुईल म्हणून."

मूळचा कोल्हापूरचा. शिकायला सिडनीला आला आणि राहिला. वय बेचाळीस, गुडघ्याला कायम पट्टा. पण गोलमध्ये उभा राहिला की समोरचा स्ट्रायकर बिचकायचा. मी पुण्याचा, आयटीतला, त्याच्यापुढे डिफेन्सला खेळायचो आणि कितीदा तरी वळून त्यालाच बघत राहायचो. पेनल्टी कशी अडवतोस, असं विचारलं तर म्हणायचा, "डोळ्याकडं बघू नको, डोळे फसवत्यात. बुटाकडं बघ."

लॉकडाऊनमुळे राहिलेले तीन सामने लीगने शेवटच्या आठ दिवसांत कोंबले. तिन्ही बाहेरगावी. वुलनगाँगला त्याने पेनल्टी अडवली. गॉस्फर्डला करंगळी निखळली, तर ती शेजारच्या बोटाला टेपने बांधून शेवटपर्यंत खेळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला गेला. दोन्ही सामने आम्ही जिंकलो. आता न्यूकॅसलला नुसती बरोबरी झाली, तरी आमचा क्लब आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या चारांत येणार होता.

हाफटाइमपर्यंत शून्य-शून्य. दादाने दोन असे बॉल काढले होते, की समोरच्या टीमच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. आम्ही पाणी पीत होतो. तो नेहमीसारखा लांब कुंपणापाशी होता. त्याने बॅगेतून फोन काढला, बघितला आणि मास्क चढवून तिथूनच ओरडून सांगितलं, "कामावरची माझ्या जोडीची बाई पॉझिटिव्ह आली. मी टेस्टला निघालो."

आमच्याकडे दुसरा गोलकीपर नव्हता. कोच निक कळवळून म्हणाला, "मेट, पंचेचाळीसच मिनिटं! मोकळं मैदान आहे. मेसेज मॅचनंतर बघितलास असं समज."

"मैदान मोकळं आहे, निक. पण कॉर्नरला दहा-बारा जण माझ्या अंगावर येतात." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गोलमध्ये तू उभा ऱ्हा. घाबरू नको."

ग्लोव्हज त्याने मला दिले नाहीत, सोबत घेऊन गेला.

आम्ही दोन-शून्य हरलो. दोन्ही गोल माझ्या हाताखालून गेले. परतताना बसमध्ये काही जण त्याला शिव्या घालत होते आणि मी त्यांना थांबवलं नाही.

त्याची टेस्ट निगेटिव्ह आली. मी फोन केला आणि न राहवून बोलून गेलो, "म्हणजे उगाचच गेलास की रे, दादा."

"उगाच?" तो म्हणाला. "निगेटिव्ह येणार हे ग्राउंडवर मला कुठं ठावं हुतं? मैदानावरच्या पोरांतल्या कुणाच्या घरी म्हातारी आई असंल का न्हाई, हे तरी कुठं ठावं हुतं?"

आवाजात राग नव्हता, फुशारकी तर नव्हतीच. त्याच्या जागी मी असतो, तर तो मेसेज मी सामना संपल्यावरच वाचला असता.