गवती छपराचा थाट

चौथी शिकलेल्या बाईचं हे लिखाण. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरच्यांनी सांभाळून वाचावं.

शुक्रवारी लेकीच्या घरून, लंडनच्या पिनरहून, गाडीने निघालो. मुलगी सुजाता आणि जावई मला इंग्लंडचं खरं खेडं दाखवणार होते. दोन रात्रींसाठी एक जुनं घर घेतलं होतं. भाडं वेगळं, वर दोनशे पौंड डिपॉझिट. "आई, काही मोडलं तर ते दोनशे गेले हं," जावयांनी वाटेत पुन्हा पुन्हा सांगितलं. मी गाडीतच हात आवरून बसले.

घर पाहिलं आणि मला हसू आवरेना. थॅच (गवताचं छप्पर) आणि कुडाच्या भिंती! आमच्या गावात पहिला पगार आला की माणूस असलं घर पाडून पत्रे घालतो. गवताखाली राहणाऱ्याला मुलगी कोण देतो? इथे त्यासाठी महिनामहिना आधी बुकिंग.

मालकीणबाईंच्या गळ्यात मोती, पायात चिखलाचे बूट. "चारशे वर्षांची भिंत. आत काठ्या, माती आणि गाईचं शेण," हे पुजाऱ्याने मूर्ती दाखवावी तशा त्या सांगत होत्या. सुजाता मला मराठीत सांगत होती. गावी गोठ्यावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या जावयांनी त्या भिंतीचे फोटो काढले.

बुटकी चौकट जावयांच्या कपाळाला लागली. बाई म्हणाल्या, "कॅरेक्टर!" जमीन इतकी उतरती की टेबलावरचा कप घसरला. "कॅरेक्टर!" रात्रभर छपरात उंदीर पळाले, सकाळी विचारलं तर तेही कॅरेक्टर.

"म्हणजे जुन्या घराचा बाज गं, आई," सुजाता म्हणाली.

रविवारी बाहेर पाऊस. धुतलेलं लुगडं वाळत घालायला मी त्याचं टोक भिंतीतल्या खुंटीला बांधलं. ओल्या नऊवारीच्या ओझ्याने खुंटी उपटून आली आणि मागोमाग परातीएवढा गिलावा. जावई पांढरे पडले. "अहो आई, काय केलंत हे!"

बाई आल्या. म्हणाल्या, हे नुकसान आहे, डिपॉझिट मिळणार नाही. सुजाता नुसती सॉरी, सॉरी करत राहिली. मी परक्यासमोर तोंड उघडत नाही, पण जावयांचा चेहरा बघवेना. मी चौकटीकडे बोट दाखवलं. "कॅरेक्टर?"

"यस."

जमिनीकडे दाखवलं. "कॅरेक्टर?"

"यस, बट..."

मग भगदाडाकडे बोट नेलं आणि बाईंकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. जावयांना खोकला आला.

परतीला लागलो. मग जावई म्हणाले, "आई, इंग्रजी कधी शिकलात?" मी खिडकीबाहेर बघत होते. गरीब राहतो तोवर झोपडी, पैसेवाला आला की इतिहास, एवढंच मला कळलं.

मंगळवारी जावयांनी खातं पाहिलं. दोनशेच्या दोनशे पौंड परत आले होते.