वास्तू ऐकते

बसण्याआधी ती दाराकडे पाहायची. बसल्यावरही पाहायची. बोलता बोलता पदर तोंडाला लावून पुन्हा एकदा पाहायची आणि म्हणायची, "वकीलदादा, लवकर सोडा. घर एकलं हाय."

माणूस एकटं असतं, घर कसलं एकटं! मला हसू यायचं. लढाईची सालं होती ती आणि कर्जतच्या दिवाणी कोर्टात मी नवाच वकील होतो. ही जवळच्या कडाव गावची विधवा माझी अशील. नवऱ्याने बांधलेलं, पेंढ्याने शाकारलेलं कुडाचं घर, एवढंच तिचं जगात होतं. थोरल्या दिराचा त्या जागेवर डोळा होता. त्याने काहीतरी धमकी दिली होती, म्हणून त्याच्यावर मनाईहुकूम मागायला ती आली होती.

"काय म्हणाला तो?"

"नाय बा. ते तोंडातून काडायचं नाय. वास्तू तथास्तु म्हनती."

"अहो, हे माझं ऑफिस आहे, तुमचं घर नाही."

"वास्तू ती वास्तूच. एकीनं ऐकलं तरी झालं."

तुम्ही म्हणाल, दोन वाक्यं काढून घेता येऊ नयेत वकिलाला? बघा प्रयत्न करून! मी चिडलो, हात जोडले, चहा पाजला. बाई ढिम्म हलेना. शेवटी दाव्यात एवढंच लिहिलं की दिराच्या वागण्यामुळे वादीला घराबद्दल भीती वाटते.

सुनावणीच्या दिवशी सकाळपासून आम्ही कोर्टात बसून. आमचा पुकारा दुपारनंतर झाला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, त्याने केलं काय? बोलला काय? नुसत्या भीतीवर दावा चालतो होय? याला कारणच दिसत नाही." साक्षीपुराव्याची पाळीच आली नाही, दावा दारातच फेटाळला गेला. कारण नीट मांडून नवा आणा, एवढी वाट त्यांनी मोकळी ठेवली.

बाहेर येताच ती घराच्या वाटेकडे पाहू लागली. तेव्हा मला युक्ती सुचली. "चला त्या चिंचेखाली. ना भिंत, ना छप्पर. तिथे कोण तथास्तु म्हणणार?"

तिने वर फांद्यांकडे पाहिलं. मग कानाशी येऊन एका दमात म्हणाली, "म्हनला, तू येकदा दिसभर भाईर राहा. संद्याकाळी घर जाग्यावर दिसनार नाय."

ती सारखी दाराकडे का पाहते ते आत्ता कळलं, आणि ऊन तर कलायला लागलं होतं.

"पळा," मी ओरडलो. "उद्या नव्या दाव्यावर अंगठा द्यायला या."

लुगडं खोचून ती धावत सुटली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी ती आली. भिंतीला टेकून बसली आणि दिराची धमकी शब्दन् शब्द खणखणीत आवाजात सांगू लागली. मीच दचकलो. "अहो, हळू! वास्तू..."

"म्हनू दे की तथास्तु. काल घर नेलं, खांबाच्या मेढीसुद्धा उपटून नेल्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "लिवा, दादा. आता कारन घडलं ना?"

"घडलं," मी म्हणालो. मी टाक उचलला.

दिवे लावायची वेळ झाली तरी ती तशीच बसून होती. दाराकडे तिने एकदाही पाहिलं नाही.