सही कोणी पुसली?

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमधे काहीही बिघडलं की पहिलं नाव माझंच. ओम्या! त्यामुळे किस्से आपोआप साठतात. मी दहावीला एकदा गचकलोय, पण मेमरी फुल आहे. आणि सध्या डोकं पण फुल तापलंय!

सुरुवात शेजारच्या निखिलपासून. दुबई मरीनाच्या एका हॉटेलात अमेरिकेचा रिटायर झालेला बेसबॉलचा लेजंड सह्या द्यायला आला होता. मी म्हटलं, "हिंमत असेल तर स्कूल डायरीत घे. पॅरेंट्स सिग्नेचर लिहिलंय ना, तिथे!"

"डन, ब्रो!" म्हणाला येडा. आणि घेतली पण! सोमवारी टीचरने त्याच्या पप्पांना बोलावलं. पप्पा म्हणाले, "ही माझी सही नाही."

शिक्षा कोणाला? मला! अरे, डायरी त्याची, हात त्या म्हाताऱ्या लेजंडचा, मी काय केलं?

*

आम्हाला त्या हॉटेलात नेलं होतं कुलकर्णीकाकांनी. आमच्याच बिल्डिंगमधले, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत मॅनेजर. दोन वर्षं अमेरिकेत राहिले आणि बेसबॉलचं वेड घेऊन आले. सह्यांचे बॉल जमवतात, शनिवारी आमची टीम चालवतात. टीममधे बॉल टाकणारा मी.

माणशी एकच सही, म्हणून काकांनी आम्हा चौघांना एकेक कोरा बॉल देऊन लाइनीत उभं केलं. "यल्ला, चला! आणि तोंड बंद!" निखिलची सही डायरीवरच गेली, त्याचा बॉल कोराच राहिला.

लेजंडने मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने 'टू ओम' लिहून सही केली.

काका भडकले, "नाव घातलं की बॉलची किंमत पडते, गाढवा!"

मग मला द्या ना तो! नाही. नाव माझं, कपाट त्यांचं.

*

मग मी पण उट्टं काढलं. डाव्या हाताने एका कोऱ्या बॉलवर लेजंडसारखी सही ठोकली आणि कपाटात सरकवला. काका पाहुण्यांना दाखवतायत, "बघा, किती जुनी शाई!" मला हसू आवरेना. म्हटलं, "काका, ती सही माझी."

कान पिरगळला. पण मी करतो ते सांगतो!

*

दसऱ्याला काकांच्या पूजेत लॅपटॉप, गाडीची चावी आणि सगळ्यांपुढे त्यांचा सगळ्यात लाडका बॉल. दुसऱ्या दिवशी सही गायब, नुसता निळा-लाल डाग!

"ओम्या, टीममधून खलास!"

"आईशप्पथ, मी हात पण नाही लावला!"

"तू आणि खरं बोलणार?"

घरी आई म्हणते, "सांगून टाक बाबा एकदाचं." आई! स्वतःची आई!

*

तीन शनिवार मी ग्राउंडच्या जाळीबाहेर. आत माझ्या जागी निखिल, त्याचा बॉल बॅटरला सोडून अंपायरला लागतोय. पुढच्या आठवड्यात अबुधाबीच्या टीमशी मॅच, आणि मी प्रेक्षक!

चौथ्या शनिवारी काकी मोबाइल घेऊन ग्राउंडवर आल्या. "अहो, तुम्ही सांगताय, की पूजेचा फोटो ग्रुपवर टाकू?"

काका खाली बघायला लागले. "कुंकू मीच लावलं. सहीवर गेलं. मग ओल्या वाइपने पुसायला गेलो..."

"आणि नाव माझं!" मी जाळीबाहेरून ओरडलो.

"सॉरी रे. ये आत. मॅच तूच खेळायची."

मी आत गेलो. बॅगेतून कोरा बॉल आणि पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. "असं नाही. यावर लिहून द्या."

काकांनी टीमकडे बघितलं, काकींकडे बघितलं. मग बॉल मांडीवर घेऊन मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'मीच पुसली.' खाली सही.

"मोठं लिहा," मी म्हटलं. "जागा भरपूर आहे."