रिकाम्या ताटलीतला जिताडा

जयप्रकाश सरांना समुद्राविषयी जे ठाऊक होते, ते बहुतेक ताटातून कळलेले होते. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, तळलेल्या तुकडीवरून मासा आजचा की कालचा, हे ते बिनचूक सांगत. तेवढ्या भांडवलावर सीवूड्‌समधल्या शाळेने त्यांना ‘सागर साक्षरता प्रमुख’ नेमले. पद बिनपगारी होते. पण शाळेला ‘सागरमित्र’ फलक मिळाला, तर उपमुख्याध्यापकाची रिकामी खुर्ची त्यांचीच, असे मुख्याध्यापिका सुमेधा मॅडमनी सुचवले होते. सुचवले होते, लिहून दिले नव्हते.

सागर सप्ताह आषाढाच्या अखेरीस ठरला, कारण परीक्षण समितीला तेव्हाच सवड होती. आठवडा नेमका गटारीचा. श्रावण पाळणारी घरे पुढच्या महिन्याचे मासे आगाऊच खाऊन घेत होती. सरांचाही तोच बेत होता.

सातवीच्या वर्गाला त्यांनी हात पुढे करून शपथ दिली : “पावसाळा हा माशांचा विणीचा काळ. गाभोळीचा, म्हणजे पोटात अंडी असलेला मासा मी घेणार नाही, घेऊ देणार नाही.” शेवटचे तीन शब्द सरांनी केवळ लयीसाठी घातले होते. ऋता नावाच्या विद्यार्थिनीने ते अर्थासकट घेतले.

शनिवारी सुमेधा मॅडम सप्ताहाचे प्रदर्शन पाहायला आल्या.

“थर्माकोलचा देवमासा छान झालाय. पण सर, खरं काहीच नाही?”

“खरं म्हणजे?”

“गाभोळीवाला जिताडा मासा ठेवा ना, पोट कापून. काय घ्यायचं नाही, ते मुलांना दिसायला नको?”

यात विसंगती आहे, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन सर करावे गावच्या बाजारात गेले. नेहमीच्या मासळीवाल्या पुतळाबाईंच्या पाटीत एक ऐसपैस जिताडा पहुडला होता.

“गाभोळी आहे का?”

“पोट तं बघा गुरजी! डोहालजेवान घालाचा राह्यलाय तिचा.”

सरांनी पिशवी उघडली.

“सर, घेऊ नका.”

मागे ऋता उभी होती. छातीवर ‘सागरदूत’ असा बिल्ला. तोही सरांनीच वाटलेला. सोबत तशाच दोन मुली.

“अगं, हा खायला नाहीये. दाखवायला.”

“काय दाखवायला?”

“की... घेऊ नये.”

ऋताने विचार केला. “पण सर, तुम्ही तर घेताय.”

“घ्या वो गुरजी!” पुतळाबाई कडाडल्या. “सकालपासून ह्या पोरींनी सगला गिऱ्हाइक पलवलाय. कोन शिकवतंय यांना, त्याला जरा आना माज्यासमोर!”

सर पिशवीत पाहू लागले. “मीच शिकवतो.”

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पुतळाबाईंनी तराजू उचलला. “मंग वजन करू का नको?”

सरांना खुर्ची दिसत होती. ऋताही दिसत होती. तिने शपथेच्या वेळी केला होता तसाच हात आडवा पुढे धरला होता. सरांनी पिशवीची घडी घातली. ती तत्त्वनिष्ठा होती की शरम, याचा पुरावा उपलब्ध नाही.

सोमवारी टेबलावर रिकामी ताटली होती आणि आधीच छापून आलेली पाटी : ‘गाभोळीचा जिताडा. विणीच्या काळात घेऊ नका.’ समितीचे अध्यक्ष तिथे बराच वेळ थांबले.

“वा! अभावातून बोध! कल्पना कुणाची?”

सुमेधा मॅडमनी सरांना कोपराने पुढे ढकलले. टेबलामागे ऋता उभी होती.

“कल्पना नव्हती,” सर म्हणाले. “मी मासा आणायला गेलो होतो. हिनं घेऊ दिला नाही.”

अध्यक्ष मोठ्याने हसले. “आणि वर विनयही!”

मॅडम हसल्या नाहीत.

शाळेला फलक मिळाला. खुर्ची मराठीच्या सरांना मिळाली आणि फलक तिच्याच वर टांगला गेला. त्यावर पितळी मासा कोरलेला आहे. सह्या करायला जाताना जयप्रकाश सरांची नजर दर वेळी त्याच्या पोटावर जाते. मासा गाभोळीचाच आहे.